वजनावांचून जीवसृष्टि

या पृथ्वीवर जीवसृष्टि निर्माण होऊन साडेतीन अब्ज वर्षांच्या आसपास काळ लोटला, असें भूस्तरशास्त्र सांगतें. एवढ्या अफाट काळांत पृथ्वीवरील बहुतेक सर्व परिस्थिति पालटली. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण आरंभीं नगण्य होतें, तें पुढें वाढलें. हिमयुगें आलीं आणि गेलीं. जेथें समुद्र होते तेथें पर्वत उभे राहिले. दिवसाची लांबीसुद्धां पूर्वीपेक्षां आज अधिक आहे. परंतु एक गोष्ट मात्र पहिल्या सूक्ष्म जंतूपासून आजच्या मनुष्यापर्यंत प्रत्येक जीवाच्या वाट्यास सारखीच आली. ती म्हणजे पृथ्वीचें आकर्षण. झाडाच्या मुळानें कोणत्या दिशेस जावें, हत्तीचा पाय किती जाड असावा, पक्ष्यानें किती मोठें व्हावें, या सर्वांचा निवाडा होतांना ही एक शक्ति नेहमींच हजर होती. जी वस्तु सदैव असते तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. म्हणूनच असा प्रश्न विचारणें उपयुक्त ठरतें कीं, ही शक्ति जाणवेनाशी झाली आणि प्राणी व वनस्पति पिढ्यान् पिढ्या वजनावांचून राहूं लागलीं, तर त्यांचें रूप कसें होईल?

हा प्रश्न आतां केवळ मनोरंजनाचा राहिलेला नाहीं. ता. १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन यानें पृथ्वीभोंवतीं पहिली प्रदक्षिणा केली. १९८४ सालीं आपले राकेश शर्मा व २०२५ सालीं शुभांशु शुक्ल अंतराळांत राहून परत आले. इ. स. २००० च्या नोव्हेंबरपासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांतील मनुष्यवस्ती एक दिवसही खंडित झालेली नाहीं. मनुष्य आपल्याबरोबर रोपें, मासे, कोळी आणि सूक्ष्म जंतु हेही तेथें नेतो. उद्यां कोणी तेथें कायमची वसाहत करावयाची म्हटली, तर तेथें जन्मणाऱ्या मुलांचें काय होईल, हा विचार आजच करावा लागतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अंतराळांत पृथ्वीचें आकर्षण नसतें, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नाहीं. अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारें ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतें, आणि त्या उंचीवर जमिनीवरील आकर्षणाचा सुमारें नऊ-दशांश भाग शिल्लक असतो. मग तेथील माणसें तरंगतात कां? समजा, विहिरींत सोडलेल्या पोहऱ्यांत एक खडा आहे. दोर हातांत आहे तोंपर्यंत खडा पोहऱ्याच्या बुडावर भार टाकतो. दोर तुटला कीं पोहरा व खडा दोन्ही एकाच वेगानें खालीं जातात, आणि पाण्यास लागेपर्यंत खड्याचा भार बुडावर मुळींच पडत नाहीं. अंतराळ स्थानक हा असाच अखंड पडत राहिलेला पोहरा होय. परंतु तें आडव्या दिशेनें ताशीं सुमारें २८,००० किलोमीटर वेगानें जात असल्यामुळें, तें जितकें खालीं पडतें तितकी पृथ्वीची गोलाईही त्याच्याखालून वळत जाते. आणि जमिनीवर न आदळतां सुमारें ९० मिनिटांत तें एक प्रदक्षिणा पुरी करतें. अशा स्थितींत वजन जाणवत नाहीं. परंतु वस्तूचें जडत्व कायम राहतें, हें ध्यानांत ठेवावें. तेथेंही जड पेटी ढकलण्यास जोर लागतो व वेगानें येणारी पेटी थांबविण्यासही जोर लागतो.

आतां वजनानें प्राण्यांच्या शरीरावर कोणता ठसा उमटविला आहे तें पाहूं. इटलींतील गॅलिलिओ यानें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत या विषयाचा पाया घातला. एखादा प्राणी उंची, रुंदी व लांबी या तिन्ही मापांनीं दुप्पट झाला, तर त्याचें वजन दुप्पट नव्हे तर आठपट होतें. पण त्याच्या हाडाचा छेद, ज्यावर हाडाची ताकद अवलंबून असते, तो केवळ चौपटच होतो. म्हणजे आठपट ओझें चौपट बळाच्या खांबावर येतें. म्हणून मोठ्या प्राण्याचीं हाडें लहान प्राण्याच्या हाडांपेक्षां प्रमाणानेंही अधिक जाड असावीं लागतात. लहानसा कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर वाहूं शकेल, परंतु घोड्यास आपल्याएवढा एक घोडाही पेलणार नाहीं, असें गॅलिलिओनें म्हटलें आहे. पुढें जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९२६ सालीं प्राण्यांच्या योग्य आकारमानाविषयीं एक निबंध लिहून हाच विचार सर्वसामान्य वाचकांपर्यंत नेला. हे इंग्रज शास्त्रज्ञ पुढें भारताचे नागरिक झाले व १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. खोल खाणींत पडलेला उंदीर झटकून उठतो, पण घोड्याच्या मात्र चिंधड्या होतात, हें त्यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. मुंगीस वजनाची भीति नाहीं. हत्तीचें सर्व आयुष्य वजनाशीं झगडण्यांत जातें.

हाडांप्रमाणेंच रक्ताभिसरणावरही वजनाची सत्ता चालते. झाडावर चढणाऱ्या सर्पास पुष्कळ वेळ डोकें वर करून राहावें लागतें. तेव्हां रक्त शेंपटीकडे साचूं नये म्हणून त्याचें हृदय डोक्याच्या बरेंच जवळ असतें. उलट समुद्रसर्पाचें शरीर चोहोंबाजूंनीं पाण्यानें तोलून धरलेलें असतें, आणि त्याचें हृदय शरीराच्या मध्याकडे सरकलेलें आढळतें. आपल्या कोंकण किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांत असे सर्प कधीं कधीं येतात. अशा सर्पास पाण्याबाहेर काढून डोकें वर करून धरलें, तर रक्त खालीं साचतें व डोक्याकडे पुरेसें पोंचत नाहीं. एकाच कुळांतील दोन शाखा. एकीनें भार सोसला, दुसरीनें तो पाण्यावर सोंपविला, आणि हृदयाची जागासुद्धां निराळी झाली!

वजनाचा दुसरा उपयोग दिशा दाखविण्याचा आहे. आपल्या कानाच्या आंतील भागांत चुन्याचे सूक्ष्म कण असतात. ते ज्या बाजूस दाब देतात ती बाजू ‘खालची’, असें मेंदू समजतो. अशीच व्यवस्था माशांत, कोळंबींत, फार काय, मेंदू नसलेल्या जेलीमाशांतही आहे. व्हिएन्ना येथील अलोइस क्रायडल यानें १८९३ सालीं या बाबतींत एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. कोळंबी कात टाकते तेव्हां या इंद्रियांतील वाळूचे कणही टाकून देते व नवे कण उचलून आंत भरते. क्रायडलनें तिला वाळूऐवजीं लोखंडाचा कीस पुरविला. मग वरून लोहचुंबक धरतांच कीस वर ओढला गेला, आणि ‘खालची बाजू वर आहे’ असें समजून कोळंबी उलटी झाली.

वनस्पतींसही ही दिशा कळते. टॉमस अँड्रयू नाइट या इंग्रज बागाइतदारानें १८०६ सालीं पाण्याच्या जोरावर वेगानें फिरणाऱ्या चाकावर घेवड्याचें बीं बांधून रुजविलें. तेव्हां मुळें चाकाच्या बाहेरच्या बाजूस वाढलीं आणि कोंब आंसाकडे वळले. चाकाच्या फिरण्यानें बाहेर फेंकणारा जो जोर उत्पन्न झाला, त्यासच त्या अंकुरांनीं वजन मानलें होतें. चार्लस् डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनीं १८८० सालीं दाखविलें कीं, हें ज्ञान मुळाच्या टोंकाशीं असतें. टोंक कापलें तर नवें टोंक येईपर्यंत मूळ खालीं वळत नाहीं. त्या टोंकाच्या पेशींत पिठाचे जड कण तळाशीं बसतात व मुळास दिशा देतात.

हा प्रयोग विद्यार्थ्यांनीं घरीं अवश्य करावा. कांचेच्या पेल्याच्या आंतल्या बाजूस ओला टिपकागद बसवून कागद व कांच यांच्यामध्यें पांच-सहा भिजविलेले मूग ठेवावे आणि पेला अंधारांत ठेवावा. मोड बोटाच्या पेराएवढे झाले म्हणजे पेला आडवा करावा. दुसऱ्या दिवशीं प्रत्येक मूळ काटकोनांत वळून पुन्हां जमिनीकडे निघालेलें दिसेल. याच मुगाचे व मेथीचे दाणे २०२५ सालीं शुभांशु शुक्ल यांनीं धारवाडच्या कृषि विद्यापीठाच्या प्रयोगासाठीं अंतराळ स्थानकांत रुजविले.

मग वजन नाहींसें झालें कीं शरीरास काय होतें? अंतराळवीराच्या चेहऱ्यावर प्रथम सूज येते आणि पाय बारीक होतात, कारण एरव्हीं पायांकडे उतरणारें रक्त व पाणी आतां वरच्या भागांत राहतें. पाठीच्या मणक्यांवरील दाब गेल्यामुळें उंची कांहीं सेंटिमीटर वाढते. परत आल्यावर ती पूर्ववत् होते. कानांतील कण दिशा सांगेनासे होतात, त्यामुळें पहिले कांहीं दिवस मळमळ होते. सर्वांत गंभीर गोष्ट हाडांची. ज्या हाडावर भार पडतो तें हाड बळकट होतें व ज्यावर पडत नाहीं तें झिजतें, हा नियम जर्मन वैद्य युलिउस वोल्फ यानें १८९२ सालीं मांडला. अंतराळांत खुब्याच्या हाडाचा दर महिन्यास सुमारें एक ते दीड टक्का अंश नाहींसा होऊं शकतो. तेथील माणसें दररोज सुमारें दोन तास व्यायाम करतात तो याच कारणासाठीं. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या आजोबा-आजींच्या हाडांचीही अशीच झीज होते. म्हणून अंतराळवीरांवर केलेलें हें संशोधन घरच्या वृद्धांच्याही उपयोगाचें आहे.

येथें वाचकांनीं एक भेद नीट समजून घ्यावा. अंतराळवीराचीं हाडें झिजलीं म्हणजे कांहीं उत्क्रांति झाली नव्हे. तो एका देहानें परिस्थितीशीं केलेला तात्पुरता समेट होय. लोहाराचा दंड घण मारून पिळदार होतो; पण म्हणून त्याच्या मुलाचा दंड जन्मतःच तसा नसतो. तसेंच अंतराळवीराच्या मुलाचीं हाडें केवळ या कारणानें कमकुवत होणार नाहींत. उत्क्रांतीस तीन गोष्टी लागतात. एक, एकाच जातीच्या जीवांमध्यें परस्परांत फरक असावा. दोन, तो फरक आनुवंशिक असावा. तीन, त्या फरकामुळें कोणाची संतति अधिक जगावी व कोणाची कमी. या तिहींच्या जोडीस पुष्कळ पिढ्या लागतात. मनुष्याची एक पिढी २५ वर्षांची धरली तर एक हजार पिढ्यांस २५,००० वर्षें लागतील. सूक्ष्म जंतूंच्या तितक्याच पिढ्या कांहीं महिन्यांत होतात.

म्हणून प्रथम सूक्ष्म जंतूंचीच साक्ष घेऊं. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील संशोधकांनीं आंतड्यांत राहणारे साधे जंतु, वजनहीन स्थितीचें अनुकरण करणाऱ्या फिरत्या पात्रांत एक हजार पिढ्या वाढविले व त्याचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध केला. नंतर हे जंतु व त्यांच्याच मूळ वंशांतील न बदललेले जंतु एकत्र वाढवून पाहिले, तेव्हां नवे जंतु सरस ठरले. त्यांच्या आनुवंशिक द्रव्यांत बदल झालेले आढळले. आणि पुन्हां साध्या पात्रांत कांहीं काळ वाढविल्यानंतरही त्यांचें सरसपण बऱ्याच अंशीं टिकून राहिलें. हा तात्पुरता समेट नव्हता. वंशांत उतरलेला बदल होता.

मोठ्या जीवांच्या बाबतींत अनुभव संमिश्र आहे. मोहरीच्या कुळांतील अॅराबिडॉप्सिस नांवाच्या लहानशा रोपानें १९८२ सालीं ‘साल्युत ७’ या सोव्हिएत स्थानकांत बीजापासून पुन्हां बीजापर्यंतचा जीवनक्रम पुरा केला. १९९४ सालीं ‘कोलंबिया’ यानांतून मेडाका जातीचे चार जपानी मासे नेले होते. त्यांनीं तेथेंच अंडीं घातलीं व त्यांतून पिलें बाहेर आलीं. यांत एक मर्म आहे. वजन गेलें कीं बहुतेक मासे गोंधळून चक्राकार फिरत राहतात. परंतु कांहीं वंशांतील मासे तसे फिरत नाहींत, असें आधीं तपासून मगच हे चार निवडले होते. म्हणजे वजनहीन स्थिति सोसण्याच्या पात्रतेंत एकाच जातीमध्यें फरक असतो, व निवड करण्यास जागा असते. उत्क्रांतीची पहिली अट येथें पुरी झालेली दिसते.

दुसऱ्या बाजूस १९९० सालीं ‘मिर’ स्थानकावर लाव्हे पक्ष्यांच्या अंड्यांतून पिलें बाहेर आलीं, पण त्यांना कशासही धरून स्थिर राहतां येईना आणि त्यामुळें नीट खातांही येईना. १९९२ सालीं ‘एंडेव्हर’ यानांत बेडकाचीं अंडीं फळवून त्यांपासून बेडकुल्या तयार झाल्या. जमिनीवर अशी बेडकुली पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन हवा घेते व तिचीं फुप्फुसें फुगतात. परंतु जेथें ‘वर’ ही दिशाच नाहीं तेथें तिनें जावें कोणीकडे? हवा जवळच असूनही त्या बेडकुल्यांचीं फुप्फुसें फुगलीं नाहींत. येथें उणीव बळाची नव्हती, दिशेची होती.

दिशेची उणीव भरून काढतां येते काय? याचें उत्तर कोळ्यानें दिलें. १९७३ सालीं अमेरिकेंतील ज्युडिथ माइल्स नांवाच्या एका शाळकरी मुलीच्या सूचनेवरून ‘स्कायलॅब’मध्यें दोन कोळी नेले होते. त्यांतील अॅराबेला नांवाच्या कोळिणीचें पहिलें जाळें ओबडधोबड झालें; पण थोड्याच दिवसांत ती चांगलें जाळें विणूं लागली. पुढें २०११ सालीं अंतराळ स्थानकांत असेंच निरीक्षण झालें. दिवा लागलेला असला म्हणजे कोळी दिव्याची बाजू ‘वरची’ मानून जमिनीवरच्याप्रमाणेंच वागत. अंधारांत मात्र त्यांचीं जाळीं व बसण्याची रीत यांत वर-खालचा भेद उरत नसे. एक खूण नाहींशी झाली तर जीव दुसरी खूण शोधतो. मुलांनो, हा प्रयोग तुमच्याच वयाच्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नांतून निघाला, हें विसरूं नका.

आतां या सर्व माहितीच्या आधारें अनुमान करूं. असें समजा कीं, हवा, पाणी, उजेड व अन्न यांनीं भरलेलें एक प्रचंड बंदिस्त पात्र अंतराळांत लक्षावधि वर्षें फिरत आहे. पात्र बंदिस्तच हवें, कारण उघड्या अंतराळांत हवा व पाणी धरून ठेवण्यास पृथ्वीसारख्या मोठ्या गोलाचें आकर्षण लागतें. त्या पात्रांत कोणते जीव उत्पन्न होतील?

वनस्पतींस खोडाचा खांब उभारण्याचें प्रयोजन राहणार नाहीं. ज्या रोपाचें सत्त्व लांकूड करण्यांत कमी खर्च होईल व पानें-बीं यांकडे अधिक जाईल, त्याचा वंश वाढेल. म्हणून तेथील झाडें बारीक दोऱ्यांच्या जाळीसारखीं सर्व दिशांस पसरलेलीं असावीं. मुळांस मार्ग दाखविण्याचें काम ओलावा करील व कोंबांस उजेड करील. परंतु पाणी वाहून नेणाऱ्या नलिका मात्र त्यांना लागतीलच.

प्राण्यांमध्यें पाठ व पोट हा भेद हळूहळू पुसट होईल, कारण तो बहुतांशीं वर-खालच्या भेदांतून आलेला आहे. डोकें व शेंपूट हा भेद मात्र राहील. कारण जो प्राणी अन्नाकडे धांवतो त्याचे डोळे व तोंड पुढेंच असणें सोयीचें. उभें राहण्यासाठीं पाय नकोत, पण पकडण्यासाठीं हात हवेत. हवेंत अधांतरीं अडकलेल्या प्राण्यास कशाचाही आधार न मिळाल्यास जागचें हलणें कठीण. म्हणून चारही अवयव माकडाप्रमाणें पकड घेणारे होतील, अथवा हवा मागें लोटणारीं लहान वल्हीं तयार होतील. आपल्याकडील पक्ष्यास पंखांनीं स्वतःचें वजन उचलावें लागतें. तेथें पंखांनीं नुसतें पुढें ढकललें तरी पुरे. हाडें बारीक होतील, तरी तीं अजिबात जातील असें मात्र म्हणवत नाहीं. स्नायूंस ओढण्यासाठीं कांहीं तरी टणक लागतेंच, आणि जडत्व कायम असल्यामुळें धक्के व टकराही तेथें चुकत नाहींत.

मग तेथें पर्वताएवढे प्राणी होतील काय? गॅलिलिओचा हाडांविषयींचा प्रतिबंध तेथें सुटतो, हें खरें. परंतु दुसरे प्रतिबंध तसेच राहतात. शरीर मोठें झालें कीं त्याच्या आंतील उष्णता बाहेर टाकण्यास व प्राणवायु आंत घेण्यास पृष्ठभाग त्या मानानें अपुरा पडतो. याचा वजनाशीं संबंध नाहीं. उलट तेथें ही अडचण वाढतेच. जमिनीवर उष्ण हवा हलकी होऊन वर जाते व तिच्या जागीं ताजी हवा येते. वजनावांचून हलकें-जड हा भेदच चालत नाहीं; म्हणून तेथें ज्योत गोलाकार होते, व पंख्यानें हवा हलती ठेवली नाहीं तर झोंपलेल्या माणसाच्या तोंडाभोंवतीं त्यानेंच सोडलेली दूषित हवा साचते. तेव्हां तेथील प्राण्यांस आपल्याभोंवतालची हवा सतत हलविणारीं इंद्रियें लागतील. माशाचे कल्ले पाण्याचा प्रवाह सारखा चालू ठेवतात, तसें कांहीं तरी.

हीं अनुमानें अगदींच निराधार नाहींत. निसर्गानें याच्या जवळचा एक प्रयोग पूर्वीं केलेला आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या देशांत सांपडला आहे. जम्मूच्या राजौरी भागांतील कालाकोट येथील सुमारें ४ कोटि ८० लक्ष वर्षांपूर्वींच्या खडकांत मांजराएवढ्या, हरणासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचीं हाडें मिळालीं. भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनीं १९७१ सालीं त्यास ‘इंडोहायस’ हें नांव दिलें, आणि २००७ सालीं असें निश्चित झालें कीं, हा प्राणी देवमाशाच्या पूर्वजांचा निकटचा आप्त होय. कच्छच्या खडकांतही प्राचीन देवमाशांचे अवशेष मिळतात. चार पायांवर चालणारा प्राणी पाण्यांत शिरला, पाण्यानें त्याचा भार उचलला, आणि सुमारें एक कोटि वर्षांत त्याचे मागचे पाय नाममात्र उरले. आजच्या देवमाशाच्या मांसांत कमरेचीं दोन लहान हाडें तेवढीं राहिलीं आहेत. उलट त्याचें आकारमान वाढत गेलें. निळा देवमासा ३० मीटरपर्यंत लांब होतो, आणि पृथ्वीवर त्याहून वजनदार प्राणी नाहीं. पाण्यांत वर-खालची दिशा शिल्लक राहते, म्हणून हा दाखला पुरता जुळत नाहीं. पण त्यापासून एक धडा मिळतो. देवमासा किनाऱ्यावर वाहून आला कीं स्वतःच्याच भारानें त्याचीं फुप्फुसें दडपतात व तो मरतो. ज्याच्या पूर्वजांनीं ओझें टाकून दिलें, त्याच्या वंशजांस तें पुन्हां उचलतां येत नाहीं.

या विषयांतील खरी जोखीम हीच होय. १९९१ सालीं जेलीमाशांचीं सुमारें अडीच हजार बाल्यावस्थेंतील पिलें अंतराळांत नेलीं होतीं. तेथें त्यांची वाढ व वृद्धि चांगली झाली. परंतु तेथें वाढलेल्यांपैकीं पुष्कळांस पृथ्वीवर आल्यावर नीट पोहतां येईना. आनुवंशिक बदल होण्याची वाटही पाहावी लागली नाहीं. एका आयुष्यांतच फरक पडला. २०२१ सालीं उंदरांचे अगदीं आरंभींच्या अवस्थेंतील गर्भ अंतराळ स्थानकांत वाढवून पाहिले, व पहिले कांहीं दिवस त्यांची वाढ यथास्थित झाली, असें जपानी शास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलें. म्हणजे मनुष्याचें मूल तेथें जन्मणें अगदींच अशक्य आहे, असें म्हणतां येत नाहीं. पण त्या मुलाचीं हाडें, हृदय व कान वजनावांचून घडले, तर तें आजीच्या घरीं येऊन अंगणांत धांवूं शकेल काय? अंतराळवीर स्वतःच्या इच्छेनें जातो व परत येतो. त्या मुलास कोणीही विचारलेलें नसेल. आपल्या लेकरांस कोणतें जग द्यावें हें आईबापच ठरवितात, म्हणून हा प्रश्न शास्त्रज्ञांइतकाच पालकांचाही आहे.

सुदैवानें यावर उपाय सुचलेला आहे, आणि तो फार जुना आहे. नाइटच्या चाकावरील घेवड्यास फिरण्याच्या जोरानें वजन मिळालें. तसेंच एखादें प्रचंड चाकाच्या आकाराचें यान फिरत ठेवलें, तर आंतील माणसांचे पाय बाहेरच्या कडेवर टेंकतील व त्यांना भार जाणवेल, असें रशियन विचारवंत कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांनीं पहिलें मनुष्ययान उडण्याच्या कित्येक वर्षें आधीं सुचविलें होतें. एवढें मोठें यान अद्यापि बांधलें गेलेलें नाहीं. चंद्रावर आपलें वजन सुमारें एक-षष्ठांश भरेल व मंगळावर एक-तृतीयांशाहून थोडें अधिक. निरोगी मूल वाढण्यास यांपैकीं किती वजन पुरेल, हें ठरविणें पुढील संशोधकांचें काम आहे; आणि ते संशोधक आज कोठल्या तरी शाळेच्या बांकावर बसलेले असतील.

साडेतीन अब्ज वर्षें पृथ्वीनें आपणांस खालीं ओढून धरलें, आणि त्या ओढीविरुद्ध उभें राहतां राहतां जीवांस खोड आलें, हाड आलें, पाय आले. हें ओझें सोडून दूर जाण्याचें सामर्थ्य आतां मनुष्याच्या हातीं आलें आहे. जातांना तें मागें टाकावयाचें कीं चाकाप्रमाणें यान फिरवून बरोबर न्यावयाचें, हें त्यानें पहिलें मूल तेथें जन्मण्यापूर्वींच ठरविलें पाहिजे.